विंच कुणी लावला?

"दोर पकडा! अहो बाई, दोर पकडा!"

"आधी ते शीड आवरा!"

"आवरता आलं असतं तर घसा कशाला फोडला असता?"

त्या दोघांची ओळख ही अशी झाली. कुणी कुणाकडे बघून हसलं नाही, कुणाचा रुमाल पडला नाही. पडलं ते तिच्या खांद्यावरचं शीड, तेही थेट पाण्यात.

ती आत्याच्या कारखान्यात बोटींची शिडं शिवायची. धक्क्यावरचे लोक तिला ठिणगी म्हणत, आणि त्या नावात कौतुक कमी आणि सावधगिरी जास्त होती. त्या दुपारी ती एक धुऊन, शिवून तयार केलेलं शीड गिऱ्हाइकाला पोचवायला निघाली होती. इतक्यात एक छोटी पांढरी बोट नको त्या वेगानं धक्क्याकडे आली. तिचं पुढचं मोठं शीड मोकाट सुटलं होतं, आणि त्याच्या कोपऱ्याचा दोर वाऱ्यावर चाबकासारखा फिरत होता. त्याचा एक तडाखा ठिणगीच्या खांद्यावरच्या गठ्ठ्याला बसला आणि आठवड्याची मेहनत पाण्यात गेली.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण हात कामाला सरावलेले होते. बोटीवरून फेकलेला दोर तिनं झेलला, खुंटाला अडकवला, बोट ओढून घेतली आणि मगच तोंड उघडलं.

"डोळे आहेत की बटणं? बोट चालवता येत नसेल तर माणसानं बागेत पाळण्यात बसावं! हे शीड आता..."

पुढचं तोंडातच राहिलं. बोटीत खाली एक पांढऱ्या केसांची बाई उजवं मनगट छातीशी धरून बसली होती. चेहरा पार उतरलेला, पण डोळे मिश्कील.

"थांबलीस का गं? ओरड की," ती बाई म्हणाली. "त्याला गरज आहे."

"आईचा हात..." बोट चालवणारा तो तरुण म्हणाला. मघाचा तो मोठा आवाज आता पार खोल गेला होता. "गाडी बोलवता का कुणी?"

ठिणगीनं गाडी बोलावली, आईला धरून बोटीवरून उतरवलं, गाडीत नीट बसवलं. तेवढ्या धावपळीतही तिच्या नजरेनं एक गोष्ट टिपली होती. शीड गुंडाळायचा दोर मधोमध तुटला होता, आणि त्याचं एक टोक विंचला, म्हणजे दोर पिळून ओढायच्या हातरहाटाला, अजून करकचून गुंडाळलेलं होतं.

"विंच कुणी लावला?" तिनं विचारलं.

तो गाडीत चढता चढता थांबला. "मी."

"शीड गुंडाळताना अडकलं की हात थांबवायचा असतो. का अडकलं ते बघायचं असतं. तुम्ही विंच लावून पिळत बसलात!"

"आणि शीड कुणी शिवलं होतं?" तो उसळला. "कोपऱ्यावर तुमच्याच कारखान्याचा शिक्का आहे, बघा जरा!"

गाडी गेली. ठिणगी धक्क्यावर एकटीच राहिली, आणि रागानं तिचे कान लाल झाले होते. का कुणास ठाऊक, त्याच्या ओल्या कपाळावर चिकटलेले केस मात्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी तो ते शीड पाठीवर मारून कारखान्यात हजर झाला. कारखाना म्हणजे एक भलीमोठी लाकडी जमीन. शिडं तिच्यावर पसरून कापायची, म्हणून सगळे अनवाणी फिरायचे. हा मात्र बूट घालून तरातरा आत आला आणि एका कोऱ्या करकरीत शिडावर ठसे उमटवत मधोमध उभा राहिला.

"बूट!" ठिणगी किंचाळली.

"काय बूट?"

"काढा! आधी बोटीनं शीड बुडवलंत, आता पायांनी तुडवताय. दातांनी फाडायचं तेवढं बाकी ठेवलंय!"

त्यानं बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तिनं ते पाहिलं, तिनं पाहिलंय हे त्यानं पाहिलं, आणि दोघांनीही पटकन दुसरीकडे पाहिलं.

आत्या कात्री हातात घेऊन हे सगळं ऐकत होती. तिला दोन वाक्यांत निकाल लावायची सवय होती. "भांडण बाहेर. दोघं मिळून बोटीवर जा, का अडकलं ते शोधा, आणि सापडल्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

आता एवढं सांगितलं पाहिजे की पुढचं शीड खिडकीच्या गुंडाळायच्या पडद्यासारखं असतं. बोटीच्या नाकापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत एक जाड तार, तारेवर नळी, आणि नळीला शिडाची कड अडकवलेली. खाली एक ड्रम. त्याचा दोर ओढला की नळी फिरते आणि शीड गुंडाळलं जातं. वरच्या टोकाला एक फिरकी असते. तिचा खालचा अर्धा भाग शिडाबरोबर फिरतो आणि वरचा अर्धा जागच्या जागी राहतो. शीड वर चढवणारा दोर त्या न फिरणाऱ्या भागाला बांधलेला असतो. हे सगळं नीट चाललं तर लहान मूलही एका हातानं शीड गुंडाळेल. नाही चाललं की मोठमोठ्यांची भंबेरी उडते.

त्यांनी खालून सुरुवात केली. तो ड्रमपाशी पालथा पडला, तिनं गोड्या पाण्याचा पाइप धरला.

"बेअरिंग फिरतंय छान," तो म्हणाला. "मिठाचा खडाही नाही."

"तुम्हाला काय कळतं बेअरिंगमधलं?"

"लिफ्ट दुरुस्त करतो मी. रोज तारा, कप्प्या आणि बेअरिंगंच बघतो."

ठिणगीनं पाइप खाली ठेवला. "लिफ्टवाले आहात? म्हणजे तारेवर जबरदस्ती करायची नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी विंच लावलात?"

"किती वेळा विचारणार आहात?" तो ताडकन उठून बसला. "वारा वाढला होता. आई म्हणत होती, थांब, ओढू नकोस. मी म्हटलं, तू गप्प बस, मला कळतं. लावला विंच! दोर तुटला, शीड फाडकन उघडलं, बोट आडवी झाली आणि आई... झालं समाधान?"

झालं नव्हतं. उलट त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. पण नमतं घेईल तर ती ठिणगी कसली! "ड्रमवर दोराचे वेढे मोजा," ती म्हणाली, "आणि आवाज कमी. मी काही तुमची लिफ्ट नाही."

त्याही स्थितीत तो हसला. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, नाइलाज झाल्यासारखा. हसू इतकं अवेळी आणि इतकं छान होतं की तिनं पाइप उचलला आणि चुकून त्याच्या मानेवरच पाणी सोडलं. चुकून, असं ती म्हणाली. त्याला काही ते पटलं नाही.

मग रोजच हे सुरू झालं. वेढे बरोबर निघाले. दोर ड्रमवर सरळ येत होता. नळीचे सांधे पक्के होते. एकेक गोष्ट निर्दोष निघत गेली, आणि दर वेळी ठिणगी म्हणत गेली, "मग काय, विंचच!" तो चिडायचा, ती आणखी चिडवायची. तो बिस्किटांचा पुडा आणायचा आणि "तुमच्यासाठी नाहीत" म्हणून तिच्याच बाजूला ठेवायचा. ती त्याच्या बोटांत घुसलेली तारेची कुसळं सुईनं काढायची आणि काढताना "हलू नका हो, मेलात तर पाप माझ्या माथी" असं खेकसायची. काढून झाल्यावरही हात क्षणभर हातातच राहायचा. मग कुणीतरी खोकायचं.

एकदा तिनं विचारलं, "रोज दुपारचे इथे असता. लिफ्टवाल्यांना कामं नाहीत वाटतं?"



"रजा टाकलीय," तो पान्याशी चाळा करत म्हणाला. "हात थरथरतो. रजेआधी एका इमारतीत वर गेलो, पाना धरला आणि... आईचा हात मोडणाऱ्या माणसाच्या भरवशावर लोकांनी लिफ्टमध्ये का चढावं, सांगा बघू."

इतके दिवस आपण "विंच, विंच" करत नेमकं कुठे मीठ चोळत होतो ते ठिणगीला कळलं, आणि तिला स्वतःची चीड आली. त्या माणसावर तिचा जीव जडला होता. हे तिला त्याच क्षणी समजलं, आणि त्या समजण्याचाही तिला मनस्ताप झाला.

आता एकच जागा बघायची राहिली होती, डोलकाठीचं टोक.

डोलकाठीवर चढायच्या कापडी झोळीत ती बसली. त्यानं झोळीचा दोर विंचवर घेतला आणि खालून विचारलं, "विंच लावू?"

"इथे लावा. इथे चालतो."

"नक्की? नंतर ऐकवणार नाही ना?"

"वर चढवा हो मुकाट्यानं!"

त्यानं तिला इतक्या हळुवार वर चढवलं की झोळीला एक हिसका बसला नाही. ती वर पोचली. वारा केसांत शिरत होता, खाली तो मान मागे टाकून बघत होता, इवलासा, काळजीत पडलेला. तिला हसू आलं. मग तिनं नळीकडे पाहिलं आणि ते हसू तिथंच विरलं.

नळीच्या अगदी वरच्या टोकाशी एक गुळगुळीत झिजलेला पट्टा होता. वर्षानुवर्षं फिरकी तिथंच बसत आली होती. त्याच्या वीतभर खाली नवे ओरखडे होते, आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत नळीला दोर वेढला गेल्याच्या ताज्या, तिरक्या खुणा. फिरकी हल्ली वीतभर खाली बसत होती. त्यामुळे शीड चढवायचा वरचा दोर नळीला चिकटून उतरत होता आणि शीड गुंडाळताना तोही नळीभोवती गुंडाळला जाऊन फास बसत होता.

फिरकी खाली का बसली? कारण शीड वीतभर आखूड झालं होतं. मागच्या हंगामात त्याचं वरचं टोक उन्हानं कुजलं होतं. ते कापून नवं टोक कुणी शिवलं होतं? तिनं. शीड आखूड झालं की बोटीवर जाऊन, चढवून बघायचं आणि कमी पडेल तेवढा पट्टा वर जोडायचा, हा आत्याचा दंडक. त्या दिवशी ठिणगीचं आत्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. ती तणतणत घरी निघून गेली, आणि बोटीवर जायचं राहिलं ते राहिलंच. या मोसमातल्या पहिल्याच फेरीत मायलेकांना त्याचं फळ मिळालं.

"काही दिसलं का?" खालून हाक आली.

सांगितलं तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, आणि तो पुन्हा तिचं तोंडही पाहणार नाही. नाही सांगितलं तर...

"नाही," ती म्हणाली. "वारा... फार आहे इथे."

त्या संध्याकाळी कारखान्यात तिनं सगळ्यांना फाडून खाल्लं. मशीनला शिव्या दिल्या, दोऱ्याला शिव्या दिल्या, आत्याला नुसतंच "हं" केलं. आणि वीतभर लांबीचा एक भक्कम पट्टा शिवला. हा पट्टा गुपचूप लावला की शीड सुरळीत चालणार होतं. कुणाला कधी कळणार नव्हतं. तो बिस्किटं आणत राहणार होता.

दुसरा दिवसही असाच गेला. तो बोटीवर आला, ती "आज डोकं दुखतंय" म्हणाली, आणि त्यानं तिला सावलीत बसवून पाणी दिलं. त्याची पाठ वळताच तिनं ते बोटीच्या कडेवरून ओतून दिलं.

तिसऱ्या दिवशी त्याची आई कारखान्यात आली, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. नोकरीची सगळी वर्षं ती चौकात उभी राहून वाहतूक सांभाळायची. निवृत्त झाल्यावर बोट घेतली ती तिनंच.

"याच हातानं ट्रक थांबवलेत गं," ती प्लॅस्टरकडे बघत म्हणाली. "पोराचं रडगाणं तेवढं थांबवता येत नाही. तुझी चूक नाही म्हणून सांगून सांगून जीभ झिजली. त्याला वाटतं, आई म्हणून म्हणते. काल त्यानं लिफ्टची नोकरी सोडायची म्हणून साहेबाला फोन केला."

ठिणगी उठली. पट्टा उचलला आणि अनवाणीच धक्क्याकडे धावत सुटली.

तो ड्रमला तेल लावत बसला होता.

"नोकरी सोडायची नाही!" ती धापा टाकत ओरडली. "कळलं का? खबरदार सोडलीत तर!"

"तुम्हाला कुणी..."

"चूक माझी आहे! तुमची नाही, माझी! शीड मी कापलं, ते वीतभर आखूड झालं आणि मी बोटीवर येऊन पाहिलं नाही, म्हणून वरचा दोर नळीला वेढला गेला. तुम्ही विंच लावायला नको होता, ते खरं. पण विंच लावायची वेळ माझ्यामुळे आली. हा पट्टा बघा. हा तेव्हाच लावायला हवा होता!"

त्यानं पट्ट्यावर आपली वीत ठेवून पाहिली. बोटांचं काळं तेल पट्ट्याला लागलं.

"कधी कळलं तुला?" त्यानं विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"परवा. वर... गेले तेव्हा."

"परवा." तो उभा राहिला. "म्हणजे परवा तू वरून म्हणालीस, वारा फार आहे. काल मी तुला पाणी आणून दिलं. काल रात्री मी साहेबाला फोन केला. आणि तुला सगळं माहीत होतं!"

"मला भीती वाटली..."

"कसली? आत्याची?"

"तुझी! तू परत येणार नाहीस याची!"

"शीड चुकलं त्याबद्दल मी एक शब्द बोललो नसतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "माणसं चुकतात, मीही चुकलो. पण मी स्वतःला खात होतो, आणि तू समोर बसून बघत होतीस." त्यानं तेलाचा डबा बंद केला, धक्क्यावर उडी मारली आणि चालता झाला.

ठिणगी आत्याकडे गेली, सगळं सांगितलं, आणि बोलणी खाल्ली. अर्धा तास. खाली मान घालून. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एकही उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा आत्यालाच काळजी वाटली आणि तिनं चहा केला.

मग तिनं पट्टा शिडाला शिवला, तुटलेल्या दोराच्या जागी नवा दोर भरला, त्याच्या आईची परवानगी घेतली आणि एका शांत वाऱ्याच्या सकाळी शीड चढवलं. फिरकी थेट वरच्या गुळगुळीत पट्ट्यावर जाऊन बसली. आई धक्क्यावरून आली आणि म्हणाली, "आण तो दोर इकडे." डाव्या हातानं तिनं ओढला. शीड गर्रकन फिरलं, गुंडाळलं, कुठे अडलं नाही की कुरकुरलं नाही. आईनं ते सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पुन्हा सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ठिणगीनं तिकडे पाठ केली, कारण तिचीही तीच गत होती.

"झालं का खेळून?" धक्क्यावरून आवाज आला.

तो उभा होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, खिशात पाना.

"मी अजून रागावलेलो आहे," त्यानं आधीच सांगून टाकलं.

"मला काही विचारायचं नाहीये," ठिणगी म्हणाली. "काम झालं. जाते मी."

"थांब! माझं बोलणं व्हायचंय." तो बोटीवर उतरला. "नोकरी सोडली नाही मी. काल एका इमारतीत लिफ्ट अडकली. दोन मजल्यांच्या मध्ये. आत एक म्हातारे गृहस्थ, घाबरून बोलेनासे झालेले. मी गेलो. वर चढलो, पाना धरला. हात थरथरला नाही. जरासुद्धा नाही. त्यांना बाहेर काढलं तर त्यांनी माझा हातच सोडला नाही."

"बरं झालं," ती पुटपुटली. आतून तिचा जीव भांड्यात पडला होता.

"बरं काय झालं! पायऱ्या उतरताना पहिला विचार काय आला माहितेय? हे तिला सांगायला हवं. निम्मा जिना उतरलो आणि आठवलं, आपण तिच्याशी बोलत नाही. इतका राग आला मला... इतका..."

"माझा?"

"तुझा! माझा! सगळ्यांचा! घरी आईला सांगितलं, चैन पडेना. रात्री मित्राला सांगितलं, तो जांभया द्यायला लागला. ही गोष्ट ऐकवायला मला दुसरं माणूसच सापडेना!"

आईला अचानक धक्क्यावर कुणाशी तरी फार महत्त्वाचं काम निघालं आणि ती निघून गेली.

"सांगितलीस ना आता?" ठिणगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून तिनं तो मुद्दाम चढवला. "ऐकली मी. झालं. जा आता."

"नाही जात."

"का?"

"उद्या पुन्हा काहीतरी होईल," तो म्हणाला. "परवाही होईल. ते मी कुणाला सांगू?"

तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा भयंकर राग आला. तिनं त्याच्या निळ्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली.

"मला!" ती ओरडली. "मला सांग! रोज सांग! आणि एक दिवस जरी चुकवलास ना, तर बघच!"

"ओरडतेस कशाला? कबूल आहे मला!" तोही तितक्याच जोरात ओरडला, आणि त्याचे तेलकट हात तिच्या हातांवर आले.

धक्क्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं, या दोघांचं पुन्हा जुंपलं.